करंगळीशेजारचं बोट, जेलची सिरिंज आणि जांबोटीची बस

आपल्याकडे बोट खोल कापलं की माणूस एवढंच सांगतो, "शीर तुटली." रक्तवाहिनी ती शीर, संवेदना नेणारी नस तीही शीर, आणि बोट मिटवणारी पांढरी दोरी, जिला आम्ही कंडरा म्हणतो, तीसुद्धा शीरच. त्यामुळे रक्त थांबलं की शीर जुळली असं घरच्यांना वाटतं. पुढे जे सांगतेय त्यातले पहिले बारा दिवस या एका शब्दापायी गेले.

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे बहुतेक काम हाताचंच येतं. उद्यमबागेतल्या प्रेसवर चेमटलेली बोटं, निपाणीकडची विळ्या-कोयत्याची, वडगावातली मागावरची. हे प्रकरण खानापूर तालुक्यातल्या, जांबोटीच्या पलीकडच्या एका चौतीस वर्षांच्या बाईंचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

नोव्हेंबरची भातकापणी. उजव्या हातात विळा, डाव्या हातात भाताची मूठ. विळा आपल्याकडे ओढताना धाटांतून निसटला आणि डाव्या अनामिका-करंगळीच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने आडवा गेला. जवळच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, कातडीला टाके पडले, वर पट्टी. बोटाचं शेवटचं पेर वाकवून दाखवा, असं कुणी म्हटलं नाही. खरं तर हात नुसता उताणा ठेवला असता तरी कळलं असतं. सैल सोडलेल्या हाताची बोटं तर्जनीपासून करंगळीकडे पायऱ्यांसारखी जास्त जास्त मिटत जातात. कंडरा तुटलेलं बोट त्या ओळीत एकटंच ताठ पडतं. नवव्या दिवशी टाके काढताना बाई म्हणाल्या, "बोट माझंच, पण माझं ऐकत न्हाई बघा." तिथून बेळगाव, आणि बाराव्या दिवशी शस्त्रक्रिया.

आत काय होतं ते डॉक्टरांनी नंतर कागदावर काढून दाखवलं. अनामिकेच्या दोन्ही कंडरा, खोलवरची आणि वरची, पूर्ण तुटलेल्या. करंगळीची खोल कंडरा निम्म्याहून कमी कापलेली. एवढी कमी कापलेली कंडरा सहसा शिवत नाहीत, लोंबणाऱ्या कडा तेवढ्या छाटतात. नसा सुदैवाने शाबूत. अनामिकेच्या खोल कंडरेला चार पदरी मुख्य टाका, त्यावर कडेने ६-० जाडीच्या बारीक धाग्याचा धावता टाका. वरच्या कंडरेचा एकच फाटा जोडला, कारण दोन्ही फाटे जोडले तर बोगद्यात गर्दी होते.

त्या बोगद्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळं दुखणं तिथलं आहे. तळहाताच्या बोटांकडच्या घडीपासून मधल्या पेरापर्यंतचा भाग म्हणजे हाताच्या नकाशातला दुसरा विभाग. इथे दोन कंडरा एकाच अरुंद म्यानातून धावतात. वरची कंडरा दुभंगते आणि खोलची तिच्या मधून पुढे निसटते. म्यानाला जागोजागी पट्ट्यांसारख्या पुली असतात. त्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या महत्त्वाच्या, त्या गेल्या तर कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटते. अमेरिकन शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला 'नो मॅन्स लँड' म्हटलं. (सीमाभागातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.) इथली कंडरा लगेच शिवूच नये, नंतर दुसरीकडच्या कंडरेचं कलम घालावं, असं त्यांचं मत होतं आणि ते बरीच वर्षं चाललं. १९६७ साली लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांच्या गटाने तिथेच ताबडतोब शिवून, रबरबँडच्या आधाराने बोट लवकर हलवून चांगले निकाल मांडले, तेव्हा हवा बदलली.

बनेल यांना भीती होती ती चिकटण्याची. तुटलेली कंडरा दोन वाटांनी भरून येते. एक वाट आतली: कंडरेतल्याच पेशी आणि म्यानातला बुळबुळीत द्रव यांवर. दुसरी बाहेरची: भोवतालच्या म्यानातून, हाडावरच्या आवरणातून पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या धावून येतात आणि जखम भरतात. बाहेरून आलेली ही मदत जाताना दोर सोडून जात नाही. कंडरा भिंतीला बांधली जाते. आतली वाट खरोखर पुरेशी ठरू शकते हे गेल्या शतकाच्या सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांतल्या प्रयोगांनी दाखवलं, आणि तेव्हापासून प्रश्न एकच आहे: बाहेरच्यांना थोपवायचं कसं? एक उपाय बोट हलतं ठेवणं, म्हणजे चिकटायला उसंतच न देणं. दुसरा, कंडरा आणि भिंत यांच्यामध्ये काहीतरी घालणं. आडपडदा म्हणा.

पहिल्या शस्त्रक्रियेत आडपडदा घातला नव्हता. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो, कारण पुढे येईल. हलतं ठेवायचं ठरलं होतं, तेच झालं नाही.

चौथ्या दिवशी मी पाठीमागून आधार देणारा स्प्लिंट बनवला. आठवड्यातून दोनदा यायचं ठरलं. पहिल्या सहा आठवड्यांत बाई चारदा आल्या. शक्ती योजनेमुळे २०२३च्या जूनपासून बायकांना कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, त्यामुळे 'पैसे नव्हते' हे कारण नव्हतं. पण फुकटच्या बसलाही सबंध दिवस लागतो. सकाळची गाडी चुकली की दुपार. घरी मळणी, दोन म्हशी, आणि सासूबाई एकट्या.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. घरी जाताना त्यांच्या हातात दिलेला सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. बाई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. मुलाने कागद वाचला, पण पहिलीच ओळ: पट्टी काढू नये. स्प्लिंटच्या आत बोट हलवत राहायचं, ही ओळ चौथी होती. सासूबाईंनी पहिलीवर कळस चढवला आणि बोटं वरून जुन्या लुगड्याच्या पट्टीने बांधून टाकली. "टाका तुटंल तर परत सगळं करायचं व्हय?" भीती अगदी खोटी नव्हती. शिवलेली कंडरा सगळ्यात नाजूक असते ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. पण चिकटण्याचं कामही त्याच दिवसांत चालतं. तेव्हापासून सूचना मी स्वतः मराठीत लिहून देते आणि 'आत हलवा' ही ओळ सगळ्यात वर घालते.

बारा आठवड्यांनी कोनमापक लावला. मी स्वतः वाकवलं तर मधला सांधा ९५ अंश वाकत होता, शेवटचा ५०. बाईंनी स्वतःच्या जोराने वाकवलं तर मधला ५०, शेवटचा १०. सरळ करताना १५ अंश कमी. हाताच्या शस्त्रक्रियांत स्ट्रिकलंड यांचं गणित वापरतात: दोन्ही सांध्यांचं स्वतःचं वाकणं मिळवायचं, सरळ होण्यातली उणीव वजा करायची आणि १७५ ने भागायचं. साठातून पंधरा गेले, पंचेचाळीस राहिले. म्हणजे २६ टक्के. पन्नासच्या खाली सगळं 'वाईट'मध्ये जातं.

या आकड्यांत खरी खूण आहे ती तफावतीची. सांधे आखडले असते तर माझ्या हातानेही वाकले नसते. कंडरा तुटली असती तर शेवटचं पेर स्वतःहून जराही हललं नसतं, आणि सोनोग्राफीतही ती सलग दिसत होती. दोरी शाबूत आहे, कप्पी शाबूत आहे, पण दोरी वाटेत चिकटली आहे. वर बाईंची तक्रार एका बोटापुरती नव्हतीच; सगळी मूठच दुबळी झाली होती. मधलं बोट, अनामिका, करंगळी यांच्या खोल कंडरा एकाच स्नायूच्या पोटातून निघतात. एका जुवाला जोडलेले बैल आहेत ते. एकाचा पाय रुतला की शेजाऱ्यांनाही तेवढंच पुढे जाता येतं. विळ्याने जिची कंडरा निम्मीही तोडली नव्हती ती करंगळी अनामिकेपायी अर्धीच मिटत होती.

यावर उपाय म्हणजे चिकटलेलं सोडवण्याची शस्त्रक्रिया. ती घाईने करत नाहीत. व्रण मऊ पडावा, दुसऱ्याच्या हाताने बोट पूर्ण वाकावं, यासाठी निदान तीन महिने, बहुधा त्याहून जास्त थांबतात. आम्ही एप्रिल ठरवला. जुलैच्या रोप लावणीला हात हवा होता.

आडपडद्याचा प्रश्न आता खऱ्या अर्थाने आला. डॉक्टरांचं म्हणणं असं, आणि मला ते पटतं: ताज्या शिवणीवर आडपडदा घालताना आपण एकाच ठिकाणी दोन उलट मागण्या करतो. टोकं जुळावीत पण भिंतीशी जुळू नयेत. पडदा जास्त घट्ट झाला तर कंडरेची उपासमार होते. १९३०च्या दशकाच्या अखेरीस कंडरेभोवती सेलोफेन गुंडाळूनही पाहिलं होतं; पुढे पॉलिथीन आणि सिलिकॉनही आलं. काहीही आरपार जाऊ न देणाऱ्या अशा आवरणांनी चिकटणं थांबतं खरं, पण म्यानातल्या द्रवातून मिळणारं पोषणही थांबतं. चिकटलेली कंडरा सोडवताना गोष्ट वेगळी. ती आता सलग आहे, जुळायचं काही उरलेलं नाही. म्हणून पडद्याची किंमतही कमी मोजावी लागते. पूर्ण शून्य मात्र नाही. सोडवलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि ती पुन्हा फाटू शकते.

पर्याय मोजकेच होते. हायलुरॉनिक आम्ल (शरीरातही असणारा एक बुळबुळीत पदार्थ) आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज यांचा पातळ पापुद्रा, जो अमेरिकेत १९९६ साली पोट आणि ओटीपोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मंजूर झाला. तो ओल्या हातमोज्याला लगेच चिकटतो, वाळला की पापडासारखा मोडतो. पोटात ते चालतं. बोटाच्या बोगद्यात तो पुलीखालून सरकवायचा म्हणजे कसरत. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजचं कापड रक्त पूर्ण थांबलेलं नसेल तर काळं पडतं आणि कामातून जातं. प्रसूतीतून मिळणाऱ्या वारेच्या आवरणाचा पडदा काही ठिकाणी वापरतात. आमच्याकडे तो हाताशी नव्हता. कोलाजेनचा पडदा होता, गाईच्या कातड्यापासून केलेला. आणि सिरिंजमधलं हायलुरॉनिक आम्लाचं जेल.

संमतीच्या वेळी सासूबाई बरोबर होत्या. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी. त्यांनी विचारलं, "ह्यात मांसमटण काय न्हाई न्हवं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हायलुरॉनिक आम्ल पूर्वी सर्रास कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, आता बरंचसं जिवाणू आंबवून करतात. खोक्यावरचं बारीक छापलेलं वाचून डॉक्टरांनी सांगितलं, हे आंबवलेलं आहे, दही लावतात तसं. गाईचा पडदा त्या क्षणी यादीतून गेला, आणि गेला हे बरंच झालं, कारण जाडी वाढली की घर्षण वाढतं. अरुंद बोगद्यात कुठलाही पडदा म्हणजे आधीच भरलेल्या बसमध्ये आणखी एक गाठोडं.

जेलच्या बाजूने पुरावा किती? १९९२ साली स्वीडनच्या हॅगबर्ग यांच्या तुलनात्मक अभ्यासात, कंडरा शिवल्यावर म्यानात हायलुरॉनेट (हायलुरॉनिक आम्लाचाच क्षार) सोडून फरक दिसला नव्हता. २०१२ साली तुर्कस्तानातल्या एका प्राथमिक चाचणीत ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा इंजेक्शन दिल्यावर फायदा दिसला. २०१०च्या इटालियन चाचणीत, नेमक्या आपल्यासारख्या प्रसंगात, म्हणजे दुसऱ्या विभागातली कंडरा सोडवल्यावर, जेल वापरलेल्यांची हालचाल जास्त राहिली. म्हणजे दार किलकिलं आहे, सताड उघडं नाही. साधं हायलुरॉनिक आम्ल शरीर थोड्याच दिवसांत धुऊन नेतं. रेणू एकमेकांत गुंतवून घट्ट केलेलं जेल जास्त टिकतं, आणि इटलीत वापरलं होतं ते त्यातलंच. तेवढ्याच दिवसांची ती उसंत असते.

शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर झाला. (कुठल्या कार्डावर, हा आपल्याकडे वेगळाच अध्याय. महाराष्ट्राने २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना स्वतःची आरोग्य योजना लागू करायचं ठरवल्यापासून प्रत्येक रुग्ण दोन्ही कार्डं पुढे करून विचारतो, कुठलं चालतंय बघा.) जेल मात्र बाहेरून आणायचं होतं, आणि त्याची किंमत बाईंच्या बऱ्याच दिवसांच्या मजुरीइतकी होती. डॉक्टर निघून गेल्यावर बाईंनी मला हळूच विचारलं, "घालू का नको?" मी म्हटलं, "वहिनी, हातात एवढेच पैसे असतील तर आधी तीन आठवडे बेळगावात राहायची सोय बघा. उरले तर जेल." वडगावात त्यांची मावशी निघाली. घरात दोन माग. सोय झाली, आणि मावशीने जेललाही हातभार लावला. या प्रकरणाचा निकाल मला छातीठोकपणे सांगता येत नाही तो यामुळेच, पण त्याकडे येते.

शस्त्रक्रिया जागेपणी झाली. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधात थोडं अ‍ॅड्रेनॅलिन मिसळून बोटाच्या मुळाशी टोचायचं आणि अर्धा तास नुसतं थांबायचं. बोटात अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं की बोट सडतं असं आम्ही कॉलेजात पाठ केलं होतं. कॅनडाच्या डोनाल्ड लालोंड यांच्यासारख्यांच्या कामाने ती समजूत मोडली. दंडाला पट्टा नाही, गुंगी नाही. मोठा फायदा असा की रुग्ण टेबलावरच बोट हलवून दाखवतो.

मीही आत उभी होते. दुसऱ्या पुलीखाली, जुन्या टाक्याच्या जागी, दोन्ही कंडरा एकमेकींना आणि खाली हाडाला धरून बसल्या होत्या. ताज्या फणसाचा गर सोलताना चिकाचे धागे निघतात तसे पांढरे तंतू सुटत होते. डॉक्टरांनी पुलीची बरीचशी रुंदी राखली. मधेच नर्स म्हणाली, "अक्का, बेरळ मडच्री." म्हणजे बोट मिटा. बाईंना मराठी तर्जुमा लागला नाही, कन्नड वाचता येत नसलं तरी कानांना सवय आहे. बोट अर्ध्यावर अडकलं. आणखी एक तंतू कापला. "आता?" बोट मिटलं आणि नख तळहाताला टेकलं. बाई मान वर करून बघायला लागल्या, त्यांना पुन्हा झोपवावं लागलं. मधला सांधा ९५, शेवटचा ४५, सरळ पूर्ण. १४० भागिले १७५, म्हणजे ८० टक्के. रक्त पूर्ण थांबलंय याची खात्री करून बोथट सुईने जेल पुलीखाली, दोन्ही कंडरांच्या मधे आणि हाडाच्या बाजूला सोडलं. मग दोनदा बोट हलवायला लावलं, पसरावं म्हणून. सगळं मिळून काचेसारखं पारदर्शक, बोटाच्या पेरभर.

दुसऱ्या दिवसापासून व्यायाम. दर तासाला करा म्हटलं तर कुणीच करत नाही, हा माझा अनुभव. मावशीच्या घरात घड्याळाकडे कुणी बघतही नाही, पण मागावरची कांडी, म्हणजे आडव्या सुताची नळी, संपली की बदलायलाच लागते. म्हणून ठरवलं: दर पाचव्या कांडीला दहा वेळा मूठ. माग थांबला की मावशी ओरडायची, "कांडी!" आणि बाई भाजी चिरायची सोडून बोटं मिटायच्या. माझ्याकडे एक दिवसाआड यायच्या. सहाव्या दिवशी सूज वाढली, शेवटचा सांधा २५वर घसरला, मी घाबरले. हात उंच ठेवणं, दुखण्याची गोळी वेळेवर, रात्री स्प्लिंट. दोन दिवसांत पुन्हा ३५. जड काम दोन महिने बंद.

बारा आठवड्यांनी मोजलं. मधला ९०, शेवटचा ४०, सरळ करताना १० अंश कमी. १२० भागिले १७५, म्हणजे ६९ टक्के. स्ट्रिकलंडच्या मोजपट्टीत 'चांगला' ७०ला सुरू होतो, त्यामुळे कागदोपत्री निकाल 'मध्यम'. माझ्या कोनमापकात पाच अंशांची चूक सहज राहते, तेव्हा त्या एका टक्क्यावरून मी भांडणार नाही. करंगळी आता पूर्ण मिटते.

जेलमुळे झालं का? पहिल्या वेळी जेल नव्हतं, मावशी नव्हती, मराठी कागद नव्हता. दुसऱ्या वेळी तिन्ही होतं. एका हाताच्या गोष्टीत हे तीन धागे सुटे करता येत नाहीत, आणि मला करता येतात असं म्हणणाऱ्याचा मला संशय येईल. माझा कल सांगते: जेलने पहिल्या आठवड्यात भिंत आणि दोरी यांच्यात थोडी जागा राखली असावी, ती जागा वापरली कांडीने. मावशी नसती तर तेच जेल विरघळून गेलं असतं आणि खाली पुन्हा तोच चिकटा सापडला असता. उलट, जेल नसतं आणि मावशी असती, तर? ६९ ऐवजी ६० आले असते की ६८, मला माहीत नाही. डॉक्टरांचं मत जेलकडे जरा जास्त झुकतं. आमचा त्यावर चहाच्या वेळी वाद होतो.

जुलैच्या अखेरीस त्यांचा फोन आला, मागे पाऊस कोसळत होता. रोप लावणी सुरू होती. डाव्या हातात रोपांची जुडी धरायची आणि उजव्याने एकेक काडी चिखलात खोचायची. "जुडी ऱ्हातीया हातात," त्या म्हणाल्या, "पण चिखलातनं काढल्यावर बोट गार पडलं की ताठतंय." गार पडल्यावर ताठणं पुढेही काही महिने राहील, घरी आल्यावर कोमट पाण्यात धरा, असं सांगितलं. माझ्या नोंदवहीत कंडरेच्या प्रत्येक रुग्णाच्या पानावर आता पहिल्या ओळीत विभाग, टाका आणि तारीख यांच्याआधी एक रकाना असतो: बेळगावात कोण आहे? कालच्या निपाणीच्या पोराच्या पानावर तो रिकामा आहे.